पाहुणे येईपर्यंत

सत्काराची आमच्या कोल्हापूरला मनापासून हौस आहे. एखाद्या तालमीत, एखाद्या सभागृहात, नाहीतर तरुण मंडळाच्या मांडवात कुणाच्या ना कुणाच्या डोक्याला फेटा बांधला गेला नाही असा आठवडा जात नसेल. पैलवानाचा सत्कार, दहावीत पहिल्या आलेल्या मुलीचा सत्कार, बदली होऊन आलेल्या साहेबांचा सत्कार, आणि तेच साहेब बदलून चालले की पुन्हा त्यांचा सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा, आणि अलीकडे ती काचेची चकचकीत स्मृतिचिन्हे. यात हसण्याजोगे पुष्कळ आहे. पण गाव आपल्या माणसांना विसरत नाही ही त्यामागची भावना खोटी नाही. मला कुतूहल आहे ते एवढ्याचेच, की हे गाव आपल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांचा मान कसा राखते, आणि त्यांतल्या कोणाचा राखते.

गाणाऱ्यांचे नाव निघाले की पहिले नाव केशवराव भोसल्यांचे. ९ ऑगस्ट १८९० रोजी याच गावात जन्मलेला हा मुलगा. घरची गरिबी, अगदी लहान वयात स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत गेला आणि ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेत लोकांच्या डोळ्यांत भरला. १९०८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने हुबळीला स्वतःची ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली. आमच्या वयाचे होते तेव्हा ते! आम्हाला स्नेहसंमेलनाचा एक पडदा वेळेवर वर न्यायला जमत नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. त्यात बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. त्या प्रयोगाच्या कथा जुनी माणसे आपण स्वतः खुर्चीवर बसून पाहिल्यासारख्या सांगत आली आहेत. आणि त्यानंतर तीन महिनेसुद्धा झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. उणेपुरे एकतीस वर्षांचे आयुष्य.

गावाने त्यांना काय दिले? एक अख्खे नाट्यगृह दिले. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले होते. तिथली नाट्यगृहे आणि रोममधली जुनी प्रेक्षागारे पाहून आले. मग त्यांनी खासबागेत कुस्त्यांचे मैदान बांधले आणि त्याला लागून १९१३ ते १९१५ या काळात ‘पॅलेस थिएटर’ उभे केले. याच पॅलेस थिएटरचे पुढे ‘संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह’ झाले. राजवाड्याचे नाव काढून एका गरीब घरातून आलेल्या नटाचे नाव लावायचे, ही गोष्ट वाटते तितकी लहान नाही. कित्येक गावांत याच्या उलटे झालेले आपण पाहतो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्या रात्रीबद्दल गावातल्या कोणाही माणसाला विचारा. तो आपण कुठे होतो, कोणाचा फोन आला, ज्वाळा कुठून दिसल्या, हे सांगितल्याशिवाय राहत नाही. रंगमंच, छत, खुर्च्या सगळे गेले. दर्शनी दगडी भिंत तेवढी काळवंडून उभी राहिली. आयुष्यभर पडद्यामागे दोऱ्या ओढलेली, तोंडाला रंग लावलेली, चहा आणून दिलेली माणसे रस्त्यावर उभी राहून लहान मुलासारखी रडत होती. ज्यांनी जन्मात एक संगीत नाटक पाहिले नाही अशी आमच्या वयाची मुलेही त्यांच्याबरोबर रडत होती. नाट्यगृह पुन्हा जसेच्या तसे उभे करायचे असे लगेच ठरले, सरकारने पैसे जाहीर केले, कामाला सुरुवात झाली. एकशे तीन वर्षांपूर्वी गेलेल्या गायकासाठी गाव असे हलते, याचा मला अभिमान वाटतो. आणि तो मी मुळीच लपवणार नाही.

पण त्या वास्तूची एक गंमत आहे. तिला दोन तोंडे आहेत. नाट्यगृहाच्या रंगमंचाची पाठ खासबाग मैदानाच्या व्यासपीठाला टेकलेली आहे. पुढच्या दाराने आत गेले की तंबोरा, ऑर्गन, तबला, आणि ‘वन्स मोअर’. मागच्या बाजूला लाल माती, आणि त्या मातीच्या कडेला हलगी, घुमके, कैताळ. मधे फक्त एक भिंत. शाहू महाराजांनी दोन्ही एकाच आवारात बांधले. त्यांच्या मनात काय होते कोण जाणे, पण दोहोंतले एकही त्यांना परके वाटत नव्हते एवढे खरे. भिंतीच्या अलीकडच्या गाणाऱ्याचे नाव कमानीवर चढले. भिंतीपलीकडे शंभर वर्षे हलगी वाजते आहे. तिथल्या एकाही वाजवणाऱ्याचे नाव मला कुठे कोरलेले आढळले नाही. पैलवानांची नावे मात्र आढळतात, आणि ती आढळायलाच हवीत.

तसे पाहिले तर लोकगायकाचा मान ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने पोवाडा रचला. त्याबद्दल त्याला घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला असे त्या पोवाड्यातच सांगितलेले आहे. म्हणजे शाहिराने आपल्या सत्काराची नोंद स्वतःच करून ठेवली! शहाणा माणूस. दुसरा कोणी करील या भरवशावर तो राहिला नाही. पुढे अॅक्वर्थ नावाच्या इंग्रज साहेबाने आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गावोगावच्या गोंधळ्यांकडून पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले, म्हणून आज ते आपल्या हाती आहेत. त्याच्याही आधी, १८६९ मध्ये, जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर स्वतः पोवाडा लिहिला होता. विद्वान माणसाने लिहायला पोवाडा निवडावा, यातच त्या गाण्याची ताकद त्यांनी ओळखली होती हे दिसते.

कोल्हापूर तर शाहिरांचे गावच. लहरी हैदर झाले. मुसलमान घरातला माणूस, आणि डफावर थाप मारून शिवाजी महाराजांचे पोवाडे गायचा. पिराजीराव सरनाईक झाले. त्यांच्या आवाजाची आठवण काढताना अजूनही म्हातारी माणसे मान ताठ करून बसतात. पंचगंगेच्या काठच्या आणि भुदरगडाकडच्या गावांतून कलगी-तुऱ्याचे फड रात्र-रात्र चालत. तुरेवाले शिवाची बाजू घेणार, कलगीवाले शक्तीची. एकाने कूट घालायचे, दुसऱ्याने डफावर त्याचा भेद करायचा. शाळेचे तोंड न पाहिलेली माणसे मायेच्या आणि ब्रह्माच्या गोष्टी करीत उजाडेपर्यंत एकमेकांना अडवीत राहत. आमच्या तत्त्वज्ञानाच्या तासाला बाके रिकामी असतात, हे इथे जाता जाता.

ही शाहिरी निदान शाहिराच्या नावाने ओळखली जाते. गाणे रचणाऱ्याचे नाव शेवटच्या कडव्यात येते, फडाला नाव असते, गुरूला नाव असते. हलगीचे तसे नाही. हलगीला शब्द नसतात, म्हणून तिला सही करता येत नाही.

अशी नावे गळून जाण्याची गोष्ट फक्त आपल्याकडे घडते असे कोणी समजू नये. अमेरिकेत टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या हद्दीवर ब्रिस्टल नावाचे गाव आहे. आपल्या निपाणी-कागलसारखे, हद्दीवरचे. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर नावाचा ध्वनिमुद्रिका कंपनीचा माणूस तिथे यंत्र घेऊन आला आणि त्याने डोंगरातल्या गाणाऱ्यांना बोलावून त्यांची गाणी मुद्रित केली. त्यांत रेल्वेत काम केलेला जिमी रॉजर्स होता, आणि ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि भावजय मेबेल असे एक कुटुंब होते. अमेरिकेचे ते गावरान संगीत तिथून देशभर गेले. १९९८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने ब्रिस्टलला या संगीताचे जन्मस्थान म्हणून मान्यता दिली; तिथे आता त्याचे संग्रहालयही आहे. गाव आपल्या गायकांना मिरवते, आणि का मिरवू नये? पण हा कार्टर पुढे गाणी गोळा करायला खेडोपाडी हिंडे, तेव्हा त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा एक कृष्णवर्णीय गिटारवादक असे. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेलेला. कार्टरने शब्द लिहून घ्यायचे आणि रिडलने चाल डोक्यात साठवून आणायची, अशी वाटणी होती. तबकड्यांवर नाव आले ते कार्टर कुटुंबाचे. रिडलला लोकांनी शोधून काढले ते १९६० नंतरच्या दशकात. हे वाचले तेव्हा मला टेनेसी आठवले नाही. आमच्या गल्लीतले मामा आठवले.

मामा म्हणजे माझे मामा नव्हेत. सगळ्या गल्लीचे मामा. वय सत्तरीच्या आसपास. बोळाच्या टोकाला दोन खोल्यांचे घर, आणि बाहेरच्या खोलीत खुंटीला हलगी. लोखंडी कड्यावर ताणून बसवलेले बकऱ्याचे कातडे, हाताला लागून लागून पिवळट-तपकिरी झालेले. वाजवण्यापूर्वी कागद-पालापाचोळा पेटवून त्या जाळावर ते हलगी शेकतात. पाऊस असला की दोनदा शेकावी लागते. मग बोटाने टिचकी मारून कानाजवळ नेतात, पुन्हा शेकतात. हल्ली फायबरच्या पानाची हलगी मिळते. तिला शेकायला लागत नाही, पावसात ती उतरत नाही. मामांकडे तीही आहे. मिरवणुकीला तीच नेतात. पण खासबागेत जाताना खुंटीवरचीच काढतात. का, म्हणून विचारले तर म्हणाले, “ती बोलत न्हाई रं. नुसती वरडती.”

कुस्तीच्या मैदानातली हलगी कधी डोळे मिटून ऐकावी. जोड लागण्यापूर्वी ती संथ असते, माती उकरल्यासारखी. पैलवानांनी हात मिळवला की एक पाऊल पुढे येते. डाव पडू लागले की घुमके खालून रेटा देते, कैताळ वरून झणझणते, आणि हलगी या दोघांच्या मधून अशी काही पळते की बसलेला माणूस उठून उभा राहतो. मी मामांना एकदा म्हटले, “मामा, तुम्ही कुस्ती बघता की वाजवता?” तर म्हणाले, “कुस्ती मी जलमात बघितली न्हाई. पैलवानाच्या पायाकडं बघतो. पाय सांगत्यात कवा धरायचं आन् कवा सोडायचं.” जिंकलेला पैलवान मैदानाला फेरी मारतो, लोक त्याच्या हातात नोटा ठेवतात, त्याच्या पुढे हलगी चालत असते. त्या नोटांतली एखादी हलगीकडे येते, कधी येत नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठीपुढे हीच हलगी, गणपतीपुढे हीच, लग्नाच्या वरातीपुढे हीच. मधली काही वर्षे डॉल्बीच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा मामांचे काम पार आटले होते. मग डॉल्बीवर बंधने आली आणि मंडळांना एकाएकी ‘पारंपरिक वाद्ये’ आठवली. मामा हसून म्हणाले होते, “पोलिसांनी मला परत कामाला लावलं बघ.”

मामांचा मुलगा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत काम करतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. दादाने हलगीला कधी हात लावला नाही. मला याचे वाईट वाटे, आणि एकदा मी ते बोलून दाखवले. दादा पायरीवर बसला होता, रागावला नाही, पण आवाज खाली आणून म्हणाला, “माझ्या आज्याला बोलावणं आलं की जावं लागायचं. घरात मढं असलं तरी जावं लागायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. वाजवून झालं की लांब उभं राहायचं, आणि वरून टाकलेलं पदरात घ्यायचं. तुला ती कला वाटते. त्याच्यासाठी ती वेठ होती. ती संपली हे बरं झालं की वाईट झालं?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही पुरते नाही. गावगाड्यात हलगी कोणी वाजवायची हे जातीने ठरलेले होते. ते वाजवणे म्हणजे बलुत्यातले काम. आवड असो नसो, चुकवता येत नसे. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात महार वतने रद्द केली ती अशीच वेठ मोडण्यासाठी. १९२० च्या मार्चमध्ये याच जिल्ह्यातल्या माणगावच्या परिषदेत ते आणि बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर आले. त्यानंतर कितीतरी घरांनी गावकीची कामे सोडली, आणि त्यांबरोबर वाद्येही खाली ठेवली. मान मिळवण्यासाठी वाद्य खाली ठेवावे लागले, अशी ती वेळ होती. आज आपण त्याच वाद्याचा गौरव करायला निघालो आहोत. तो करताना वाजवणाऱ्याच्या घरात दादासारखे कोणी पायरीवर बसले आहे याची आठवण ठेवायला नको काय? गौरव वाद्याचा करायचा आणि माणसाला पुन्हा दारातच उभे करायचे, असे झाले तर दादाच बरोबर ठरतो.

आणि दारातच उभे केले जाते. हे मी अनेकदा पाहिले आहे. गावात कोणताही मोठा समारंभ असला की प्रवेशद्वारापाशी हलगीवाले उभे. पाहुण्यांची मोटार आली की वाजवायचे, पाहुणे पायऱ्या चढेपर्यंत वाजवायचे, ते आत गेले की कोणीतरी कार्यकर्ता हात वर करून ‘बास’ म्हणतो. मग आत दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक. बाहेर मामा आणि त्यांचे दोघे साथीदार भिंतीला टेकून बिडी ओढत बसलेले. कधी त्या समारंभाचा विषय ‘आपली लोककला’ असाही असतो. विनोद करायला मी हे सांगत नाही. अशी पत्रिका माझ्या हातात आली आहे.

मागच्या वर्षी मात्र एक वेगळे घडले. गावातल्या एका मंडळाने मामांचाच सत्कार करायचे ठरवले. पत्रिका छापली गेली. तिच्यात ‘ज्येष्ठ हलगीवादक’ एवढे शब्द होते, नाव नव्हते. छापखान्यात देताना कोणाला ठाऊक नसावे. गल्लीत तरी मामांचे खरे नाव कितीजणांना ठाऊक आहे? आम्ही पाच-सहाजण गेलो होतो. मामी नऊवारी नेसून आल्या होत्या. दादाही आला, आणि मागच्या रांगेत बसला. मामांनी पांढरा सदरा घातला होता आणि सवयीने खुंटीवरची हलगी काखेत घेऊन आले होते. दारातल्या कार्यकर्त्याला वाटले, हे वाजवायला आले आहेत. त्याने त्यांना बाजूला उभे राहायला सांगितले आणि मामा उभे राहिलेसुद्धा. आम्ही धावलो आणि त्यांना आत नेले.

व्यासपीठावर अकरा माणसे होती. भाषणे झाली. एका वक्त्याने लोककला मरत चालली आहे असे सांगितले, दुसऱ्याने ती कधीच मरणार नाही असे सांगितले. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. मग मामांना वर बोलावले, फेटा बांधला, शाल घातली, श्रीफळ दिले, फोटो काढला. मामांनी सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि खाली उतरले. हलगी त्यांच्या खुर्चीखाली होती. ती वाजवा असे त्यांना कोणी म्हटले नाही. आभारप्रदर्शन झाले, राष्ट्रगीत झाले, लोक उठले.

परत येताना मामा बराच वेळ गप्प होते. रंकाळ्याच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, “शाल झ्याक हाय. ऊबदार हाय.” थोडे चालून पुन्हा म्हणाले, “एवढी माणसं बसली हुती. म्या सकाळीच शेकून ठेवली हुती तिला.”

दादा पुढे चालला होता. तो थांबला, मागे आला, आणि बापाच्या हातातली हलगी त्याने आपल्या हातात घेतली. वाजवायला नव्हे, वजन उचलायला. आयुष्यात त्याच्या हातात हलगी मी तेवढ्या वेळी पाहिली.

माणूस जिवंत असताना त्याचे वाजवणे ऐकून घ्यावे आणि ऐकल्याचे मोल द्यावे, यापलीकडे वाजवणाऱ्याचा दुसरा मान असतो असे मला वाटत नाही. अण्णाभाऊ साठे आमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या वाटेगावचे. डफ हातात घेऊन त्यांनी मुंबई जागी केली. १९६९ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्याजवळ काही नव्हते. २००२ मध्ये त्यांचे तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. पुतळा बसला याचा आनंद आहेच. पण पुतळ्याला भूक लागत नाही, आणि त्याच्याकडून मुलांना काही शिकताही येत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात लोकवाद्यवृंदाची स्पर्धा असते. तिच्यासाठी कितीतरी महाविद्यालयांची मुले मामांसारख्यांच्या ओट्यावर बसून हलगी शिकून जातात, ढाल आणतात, आणि ढालीबरोबरच्या फोटोत शिकवणारा क्वचितच असतो. मुले कृतघ्न असतात असे नाही. त्याला बोलावायचे असते हे त्यांच्या मनात येत नाही, कारण मोठ्यांच्या मनात ते आलेले त्यांनी कधी पाहिलेले नसते.

कलावंतांच्या मानधनाची एक सरकारी योजना फार वर्षांपासून आहे. २०२४ मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले गेले आणि मानधन महिना पाच हजार रुपये झाले. वयाची अट, उत्पन्नाची अट, आणि कलेच्या क्षेत्रात इतकी वर्षे काम केल्याचे पुरावे. मामांचा अर्ज भरायचे आम्ही दोघा-तिघांनी मनावर घेतले आणि एका रविवारी त्यांच्या घरी जमलो. वयाचा दाखला होता, उत्पन्नाचा दादाने काढून आणला होता. अडले ते पुराव्यापाशी. पन्नास वर्षे खासबागेत वाजवल्याचा पुरावा काय दाखवायचा? पत्रिकांवर नाव नाही. बिदागीची पावती कधी कोणी दिली नाही. मामींनी पत्र्याची ट्रंक उघडली. तिच्यातून शाली निघाल्या. सात-आठ तरी असतील, घडी न मोडलेल्या. शालीवर नाव नसते. तळाशी वर्तमानपत्राचे एक पिवळे कात्रण सापडले. कुस्तीच्या मैदानाचा फोटो: मधे विजयी पैलवान, आजूबाजूला फेटेवाले पाहुणे, आणि डाव्या कडेला अर्धा कापला गेलेला एक तरुण, काखेत हलगी, तोंड उघडे. खालच्या ओळीत डावीकडून अनुक्रमे सगळ्यांची नावे होती. ती पाहुण्यांपासून सुरू होत होती.

“ह्यो मी,” मामा बोट ठेवून म्हणाले.

आम्ही मग वेगळाच उद्योग आरंभला. तालमीतल्या जुन्या वस्तादांकडे गेलो. सासनकाठीच्या मानकऱ्यांकडे गेलो. ज्यांच्या वरातीपुढे मामा वाजले होते अशा, आता आजोबा झालेल्या तिघांकडे गेलो. प्रत्येकाकडून एकेक कागद लिहून घेतला, खाली सही आणि तारीख. एका वस्तादांना लिहिता येत नव्हते. त्यांनी सांगितले, मी लिहिले, त्यांनी अंगठा दिला. ते म्हणाले, “लिव्ह, की मी अमक्या जोडीत हरत आलो हुतो आन् ह्येनं हलगी चढीवली म्हणून उठलो. लिव्ह तसंच.” सरकारी कागदात असे चालते की नाही मला माहीत नव्हते, पण मी तसेच लिहिले. अशा चौदा चिठ्ठ्या जमल्या. या सगळ्या लोकांना मामांचे नाव विचारावे लागले नाही. त्यांना ते ठाऊक होते. आडनावासकट, बापाच्या नावासकट.

अर्जात एक रकाना होता, ‘कलाप्रकार’. दादाने पेन हातात घेतले होते. अक्षर त्याचे आमच्यापेक्षा चांगले. त्याने वर पाहिले आणि विचारले, “आबा, काय लिहू? लोकवादक लिहू?”

“हलगी लिव्ह,” मामा म्हणाले. “नुसतं हलगी. आन् कंसात लिव्ह, शेकलेली.”